थंडीत बाहेरून बल्ब बदललेले हेडलाइट: काचेला आतून दव का धरतं, लाइट का फडफडतो

खानदेशातली थंडी हेडलाइट बिघडवण्याइतकी कडक नसते. एलईडीला तर गारवा मानवतोच. चिप थंड राहिली की उजेड थोडा जास्तच मिळतो. तरीही डिसेंबर-जानेवारीत दोन तक्रारी हमखास निघतात. काचेला आतून दव धरतं, आणि पहाटे गाडी काढताना लाइट फडफडतो किंवा एकच बाजू लागते. दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा बल्ब बदलताना केलेल्या कामात असतं. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात ते झाकलेलं राहतं, हिवाळ्यात उघडं पडतं. म्हणून नवा बल्ब आणण्याआधी पाठीमागचं रबर, अर्थिंग आणि बॅटरी तपासा.

आतून दव धरणं

जळगाव-धुळ्याकडे हिवाळ्यात दुपारी 28-30 अंश आणि पहाटे 8-10 अंश, थंडीच्या लाटेत त्याहूनही खाली, असा फरक पडतो. हेडलाइटचं हाउसिंग हवाबंद नसतं. आतली हवा तापली की बाहेर पडते, गार झाली की बाहेरची हवा आत ओढली जाते. त्यासाठी मागे छोटी व्हेंट नळी किंवा जाळी दिलेली असते. तापी-गिरणेच्या काठाला, केळीच्या बागांत, रात्रीचं भरणं चालू असलेल्या गव्हाच्या शेताजवळ हवेत ओल भरपूर असते. ती आत गेली की पहाटे सगळ्यात गार पृष्ठभागावर, म्हणजे पुढच्या काचेवर, बसते.

हॅलोजन बल्बची उष्णता उजेडाबरोबर पुढे काचेकडे जाते, त्यामुळे थोड्या वेळात काच आपोआप साफ होते. एलईडीची उष्णता मागच्या हीटसिंककडे (उष्णता ओढणाऱ्या धातूच्या भागाकडे) जाते. पुढची काच गारच राहते आणि दव तसंच टिकतं. त्यात भर म्हणजे एलईडीचा पंखा मागे बाहेर येतो म्हणून अनेक ठिकाणी रबरी टोपीच काढून टाकतात, नाहीतर ती कात्रीने हवी तशी कापतात. मग व्हेंटमधून हळूहळू येणारी ओल थेट मोठ्या भोकातून येऊ लागते, सोबत धूळही. धूळ रिफ्लेक्टरवर ओली होऊन वाळली की डाग पडतो, तो पुसून जात नाही. रिफ्लेक्टरला कापड लावलं की चकाकीच निघते.

आधी दव आहे की गळती आहे हे ठरवा. काचेवर पातळ वाफ आहे आणि ऊन लागल्यावर किंवा अर्धा तास लाइट चालल्यावर ती जाते, तर सील ठीक आहे, फक्त टोपी बघा. थेंब ओघळताहेत, तळाशी पाणी साचलंय, दुपारपर्यंतही वाळत नाही, तर काचेच्या कडेचा सीलंट सुटलाय किंवा हाउसिंगला तडा आहे. धुलाई केंद्रावर मागच्या बाजूने प्रेशरचं पाणी मारल्यानंतरच हे होत असेल तर टोपीवरच संशय घ्या.

वाळवायचं असं: बॅटरीची निगेटिव्ह सोडा, बल्ब आणि टोपी काढा, शक्य असल्यास पूर्ण युनिट खोलून भोक खाली येईल असं सावलीच्या गरम जागी ठेवा. घाई असेल तर केस वाळवायचा ड्रायर कमी उष्णतेवर, एका हाताच्या अंतरावरून 15-20 मिनिटं फिरवा. एकाच जागी धरला तर पॉलिकार्बोनेटची (प्लास्टिकची) काच वाकते. जुन्या काचेच्या हेडलाइटवर, बोलेरो-ट्रॅक्टरच्या जुन्या मॉडेलवर असतात तशा, पहाटे गरम पाणी ओतू नका. गार काच एका जागी अचानक तापली की तडकते.

वाळल्यावर टोपी. बाजारात जास्त खोलीच्या रबरी टोप्या मिळतात, त्या घ्या. त्यातून पंख्याला मागे दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा मिळायला हवी, नाहीतर तीच गरम हवा आत फिरत राहते आणि बल्ब स्वतःच उजेड कमी करतो. हिवाळ्यात हे चालून जातं, पण जळगावच्या मे महिन्यात असा कोंडलेला बल्ब टिकत नाही. वायर बाहेर काढायला मधोमध वायरच्या जाडीएवढंच भोक पाडून त्यात रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) बसवा. टोपी बसेल असा आखूड बल्ब मिळत असेल तर पहिली पसंती त्याला द्या, भले उजेड थोडा कमी असो.

व्हेंटची भोकं मात्र सिलिकॉनने बुजवू नका. पाणी येतंय म्हणून सगळंच बंद केलं की आत अडकलेली ओल बाहेरच जात नाही. कडेचा सील सुटला असेल तर काळा ब्युटिल सीलंट लावा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं स्वस्त सिलिकॉन टाळा, त्याच्या वाफेने रिफ्लेक्टर आणि पिना गंजतात.

फडफडणं, एकच बाजू लागणं

गार बॅटरी स्टार्टरला करंट देताना जास्त दबते. 12 व्होल्टची चांगली बॅटरी बंद गाडीत साधारण 12.6 दाखवते. 12.2 म्हणजे निम्मी उतरलेली. स्टार्टर फिरताना ती 9.6 च्या खाली गेली तर बॅटरी थकली आहे. हॅलोजन अशा वेळी नुसता मंद होतो, एलईडीचा ड्रायव्हर (त्याला करंट पुरवणारं सर्किट) मात्र ठराविक व्होल्टेजखाली बंद पडून पुन्हा सुरू होतो, त्यालाच आपण फडफड म्हणतो. तेव्हा आधी इंजिन सुरू करा, मग लाइट लावा. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसायला हवेत.

इंजिन सुरू झाल्यावरही फडफड राहिली, तर मल्टीमीटर घ्या. इंजिन आयडलवर (रेस न देता) ठेवा, डिपर (जवळ, खाली पडणारा उजेड; लांब पडणारा तो अप्पर) लावा, होल्डर बल्बला जोडलेलाच असू द्या. पहिली काडी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी बल्बच्या डिपर पिनेवर: 0.5 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वायर, स्विच किंवा होल्डरमध्ये रोध आहे. मग बल्बची अर्थ पिन आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यात मोजा. इथे 0.2 च्या वर काही दिसलं तर अर्थिंग खराब. दव पडलेल्या पहाटे बॉडीवरचा गंजलेला अर्थचा स्क्रू अशीच ऐनवेळी साथ सोडतो. तो काढून पत्रा पॉलिश पेपरने उघडा करा, स्क्रू आवळा, वर पेट्रोलियम जेली लावा. होल्डर जळून तपकिरी झाला असेल तर तो साफ करत बसू नका, सिरॅमिक होल्डर टाका.

व्होल्टेज घसरल्याचा हॅलोजनला बसणारा फटका मोठा असतो. 10 टक्के व्होल्टेज कमी झालं तर उजेड जवळपास 30 टक्के घटतो. म्हणूनच 60/55 वॉटच्या (अप्पर 60, डिपर 55) जागी 100/90 चा बल्ब टाकूनही समाधान होत नाही. दोन बल्ब मिळून 200 वॉट, म्हणजे 16 अँपिअरहून जास्त करंट जुन्या बारीक वायरीतून आणि स्विचमधून जातो. वायर तापते, व्होल्टेज आणखी पडतं, होल्डर वितळतो. असा बल्ब नियमातही बसत नाही. त्याऐवजी मूळचा 60/55 ठेवून रिले (बॅटरीचा करंट थेट बल्बला देणारा विजेवर चालणारा स्विच) बसवा. फरक त्याच रात्री दिसतो.

रिलेचं काम: बॅटरी पॉझिटिव्हपासून 2.5 चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीजवळच 15 किंवा 20 अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या 30 नंबरला. 87 नंबरवरून दोन्ही बल्बांना. 86 ला गाडीची मूळ डिपरची वायर, 85 ला अर्थ. अप्परसाठी असाच दुसरा रिले. रिलेची तोंडं खाली करून लावा, दवाचं पाणी आत उतरत नाही. ट्रक 24 व्होल्टचा असेल तर बल्ब आणि रिले दोन्ही 24 चेच हवेत.

एचआयडी (झेनॉन गॅसच्या बल्बचं) किट असेल तर गोष्ट वेगळी. 35 वॉटचा ब्लास्टर (बल्ब पेटवणारा डबा, खरं नाव बॅलास्ट) चालू झाल्यावर साधारण 3 अँपिअर घेतो, पण पेटताना त्याच्या दुपटी-तिपटीने मागतो. वायर बारीक असली की एकच बाजू पेटते. दोन्ही बाजूंचे ब्लास्टर अदलाबदल करा. दोष ब्लास्टरबरोबर सरकला तर तो गेलाय, जागच्या जागी राहिला तर बल्ब किंवा वायरिंग बघा. पेटताना तिथे 20 हजार व्होल्टच्या वर दाब येतो, तेव्हा लाइट चालू असताना कनेक्टरला हात लावू नका.

जुन्या दुचाकींचा हेडलाइट थेट मॅग्नेटोच्या (इंजिनवरच्या वीज करणाऱ्या भागाच्या) एसीवर चालतो, बॅटरीवर नाही. त्यात साधा एलईडी बल्ब आयडलला फडफडणारच, आणि गार इंजिन कमी फेऱ्यांवर चालत असेल तेव्हा जास्त. तिथे बल्ब बदलून फायदा नाही, डीसी करून घ्या किंवा हॅलोजनवर परत या.

ट्रॅक्टरच्या छतावरच्या एलईडी वर्क लाइटमध्ये पाणी बहुधा वायरीवरून उतरत आत जातं. लाइटजवळ वायरीला खाली झोळ द्या, थेंब तिथेच गळून पडतो. आणि कपाशी निघाल्यावर शेडमध्ये उभ्या गाडीच्या ऊबदार बॉनेटखाली उंदीर येतात; अचानक एक बाजू गेली तर वायरिंगची साल कुरतडली आहे का हेही पाहा.

धुक्यात उजेड आणि नेम

लळिंग किंवा कन्नड घाटात पहाटे धुकं असेल तर अप्पर लावू नका. उजेड धुक्याच्या कणांवरून परत डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत दिसते. 6000 केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) निळसर पांढऱ्या एलईडीचा त्रास जास्त जाणवतो. खाली, बंपरपाशी लावलेला 3000 केल्विनचा पिवळा फॉग लॅम्प डिपरसोबत बरा.

बल्ब बदलला की नेम तपासलाच पाहिजे. एच4 बेसच्या (डिपर-अप्पर एकाच बल्बात असलेल्या) एलईडीच्या चिपा घड्याळातल्या 3 आणि 9 च्या दिशेला हव्यात, कॉलर फिरवून तसं करा. मग सपाट जागी भिंतीपासून 5 मीटरवर गाडी उभी करा, टायरची हवा बरोबर आणि गाडीत नेहमीचा भार असू द्या. बल्बच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मारा. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या 5 सेंटिमीटर खाली यायला हवी. केळीच्या घडांनी पिकअप भरली की पाठ दबून नाक वर येतं, म्हणून माल नेणाऱ्या गाडीचा नेम भरलेल्या अवस्थेतच लावा. एवढं करूनही वरची कड स्पष्ट दिसत नसेल, उजेड सगळीकडे विखुरला जात असेल, तर तो बल्ब त्या रिफ्लेक्टरला जुळत नाही. स्क्रू फिरवून ते सुटत नाही, तो काढून हॅलोजन परत बसवा.