गणेश घाटातल्या पोटऱ्यांच्या गोळ्यांवर मला लागू पडलेला उपाय

ऑक्टोबरात कर्जतजवळच्या खांडस गावाहून गणेश घाटाच्या पायवाटेने भीमाशंकरला निघालो होतो. पदरगडाजवळच्या जंगलात पोहोचेपर्यंत दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले, डोकं जड झालं, मळमळायला लागलं. पाणी तर तीन लिटर पोटात गेलं होतं! दगडावर टेकलो तेव्हा सॅकच्या पट्ट्यांवर पांढरी रेघ दिसली. बोट लावून चाखली. मीठ.

तिथे उलगडा झाला. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो. त्यामुळे अंग गार होत नाही, मीठ मात्र जातच राहतं. आणि मी वर नुसतं पाणी पीत होतो.

पुढच्या खेपेला एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि त्याच चमच्याने सपाट अर्धा चमचा मीठ, अशा दोन बाटल्या भरल्या. मीठ अंदाजाने टाकू नका, मोजूनच घाला. साधं पाणी वेगळं घेतलं. तहानेची वाट न बघता घोट घोट पीत राहिलो. पहाटे पाचला निघून दहाच्या आत मोठी चढण संपवली. सुती टी-शर्टऐवजी लवकर वाळणारा घातला, जांघांना खोबरेल लावलं. दर तासाला सावलीत दहा मिनिटं बूट-मोजे काढून बसलो.

सोबतचं कुणी बरळायला लागलं, तर मात्र हे सरबत पाजत बसू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच मदत बोलवा.

त्या दिवशी गोळे आले नाहीत. वरच्या रानात शेकरू दिसली, तिच्याकडे निवांत बघत बसलो.