साहेबांचा तोंडी आदेश: नव्याने रुजू झालेल्यांसाठी

महसूलमध्ये नुकते लागला असाल, तर टिप्पणी (फाइलवरचं टिपण) कशी लिहायची, नस्ती म्हणजे फाइल कुठून कुठे फिरते, हे महिनाभरात कळेलच. मला जे भोवलं तेवढंच सांगतो.

"पाठव रे पुढे, मी बघतो." साहेब भले होते, अर्जदाराची अडचणही खरी होती. चौकशी अहवाल यायच्या आधीच 'कागदपत्रे पूर्ण' असा शेरा मारून प्रकरण गेलं. पुढे साहेबांची बदली झाली, तक्रार आली आणि कारणे दाखवा नोटीस माझ्या नावे निघाली. शेऱ्याखाली सही माझी. आदेशाचा कागदावर मागमूस नाही.

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मधला नियम 3 आजच वाचा. वरिष्ठांच्या सांगण्यावरून काम करताना आदेश शक्यतो लेखी घ्यायचा. ते जमलं नाही तर नंतर लवकरात लवकर लेखी पुष्टी घ्यायची. म्हणजे लेखी मागणं हा उद्धटपणा नाही, ते तुमचं कर्तव्य आहे. त्याच दिवशी टिप्पणीत एक ओळ टाका: 'आज चर्चेत दिलेल्या निर्देशांनुसार कार्यवाही प्रस्तावित, आदेशार्थ सादर.' साहेब सही करतील, नाहीतर आदेश मागे घेतील. व्हॉट्सॲपवर आदेश आला तर प्रिंट काढून नस्तीला लावा. मोबाइलमधल्या मेसेजवर विसंबू नका, अजिबात नको.

पण म्हणून प्रत्येक कागद वर ढकलायचा नाही. गरज नसताना वरिष्ठांचे आदेश मागून जबाबदारी टाळता येणार नाही, असं त्याच नियमाचं स्पष्टीकरण सांगतं. तुमच्या टेबलाचा अधिकार बिनधास्त वापरा. ऑफिसात ज्याला 'नियम' म्हणतात, त्यातला बराचसा नुसता पायंडा असतो. साध्या दाखल्यांसाठी शपथपत्राऐवजी स्वयंघोषणापत्र चालेल, असा शासन निर्णय 2015 मध्येच निघाला. तरी काही ठिकाणी लोकांना स्टॅम्प पेपर आणायला पिटाळतात. असला पायंडा मोडायला घाबरू नका. निर्णयाची प्रत टेबलाच्या काचेखाली ठेवा, आणि तालुक्याला एसटीने आलेल्या म्हातारीला त्यासाठी परत पाठवू नका.

'मागची फाइल बघ आणि तसंच मार' म्हणणाऱ्याचं शिष्यत्व पत्करू नका. निवृत्तीला आलेला, शासन निर्णय तोंडपाठ असलेला एखादा वरिष्ठ कारकून गाठा. माझ्या मते दहा प्रशिक्षणांपेक्षा तो बरा.

नोटीस आलीच तर झोप उडवून घेऊ नका. नोटीस म्हणजे शिक्षा नव्हे. खुलासा मुदतीत, मुद्देनिहाय, कागद जोडून द्या. मुदत पुरणार नसेल तर ती संपायच्या आत वाढवून मागा आणि अर्जाची पोच घ्या.