मुंबईत बसून गावाकडच्या मासेमाराचा विमा कसा करायचा

उजनी धरणाच्या काठावर भोई समाजातली कितीतरी घरं अशी आहेत की वडील पाण्यात आणि पोरगा इकडे कुर्ला-घाटकोपरला नोकरीत. तर हे काम पोरांनीच अंगावर घ्या, कारण वडिलांच्या आधारला मोबाईल नंबर बऱ्याचदा तुमचाच लिंक असतो आणि ओटीपी मुंबईत येतो.

अपघात विमा प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत आहे, तळ्या-धरणावर मासेमारी करणाऱ्यांनाही लागू आहे. वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, अंशतः कायम अपंगत्वाला २.५ लाख, दवाखान्याला २५ हजारांपर्यंत. हप्ता केंद्र आणि राज्य सरकार भरतं, म्हणून कोणी हप्त्याचे म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

आधी आधार, पासबुक आणि मच्छीमार संस्थेची सभासद यादी या तिन्हीचे फोटो व्हॉट्सअपवर मागवा आणि नावं अक्षर न अक्षर जुळवा. एकीकडे पाटील, दुसरीकडे नुसतं भोई, वडिलांच्या नावात काना जास्त, असलं काही असेल तर आधी ते दुरुस्त करा. मग राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल प्लॅटफॉर्मवर नोंदणी. वडील गावच्या सीएससी केंद्रात (सरकारी ऑनलाइन कामं करून देणारं केंद्र) बसतील तेव्हा तुम्ही फोन हातात ठेवा, शिफ्ट असेल तर जेवणाच्या सुट्टीची वेळ आधीच ठरवा, ओटीपी लगेच सांगता आला पाहिजे. वारसाचं नाव नीट घाला. आई भिगवणच्या बाजारात मासे विकत असेल तर तिचीही नोंदणी करा, विक्री करणाऱ्यांनाही तिथे जागा आहे.

पण नोंदणी झाली म्हणजे विमा झाला असं धरून चालू नका. विमा एका वर्षाचा असतो, त्यामुळे यंदाच्या यादीत नाव गेलंय का हे संस्थेच्या सचिवांना नाहीतर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात दरवर्षी विचारायचं.

आणि हे घरात सगळ्यांना आत्ताच सांगून ठेवा, बोलायला जीव होत नाही तरी. मे २०२४ मध्ये उजनीत वादळी वाऱ्याने प्रवासी बोट उलटून ६ जण गेले, तसाच वारा होडीवरच्या माणसालाही गाठतो. कोणी बुडालं तर पोलिसांना कळवणं, पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम केल्याशिवाय अंत्यविधी करायचा नाही. दुःखात लोक म्हणतात कशाला आता चिरफाड, पण तो रिपोर्ट नसला की मागे राहिलेल्या बाईचा क्लेम अडकतो.