पुरुमेंताची यादी करण्याआधी

गोव्यात मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी होते, पण मागच्या वर्षीची सुकी सुंगटं (कोळंबी), आमसुलं, चिंच डब्यांच्या तळाशी तशीच असतात.

१. एप्रिलमध्येच सगळे डबे उतरवा. जुनं तेवढं एका टोपलीत काढून ओट्यावर, डोळ्यांसमोर ठेवा.
२. जेवण काय करायचं ते टोपली बघून ठरवा. सुंगटं डोकी-शेपट्या काढून मंद आचेवर कुरकुरीत भाजा. कांदा, ओलं खोबरं, तिखट आणि चिंचेचा कोळ कालवला की किसमूर, म्हणजे सुक्या सुंगटांची कोशिंबीर, तयार. आमसुलं काळी पडली तरी सोलकढीला चालतात.
३. टोपलीत आहे ते यादीत लिहू नका.

जुन्या सुक्या मिरच्या मात्र मोडून आतून बघा. बुरशी दिसली तर सरळ टाका, ऊन दाखवून वापरू नका.