हृदयविकाराच्या पेशंटला मनाबद्दल कसे विचारावे

नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डात पोस्टिंगला आलेली नर्सिंगची विद्यार्थिनी रक्तदाब, वजन आणि लघवीचे माप अचूक नोंदवते. मात्र हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय कमजोर पडलेल्या, पेशंटला त्याच्या मनाबद्दल विचारताना ती अडखळते. हे विचारणे रक्तदाब मोजण्याइतक्याच शिस्तीने शिकवले पाहिजे, कारण खचलेल्या माणसाकडून गोळ्या चुकतात आणि मिठाचे पथ्यही सुटते.

भेटीच्या वेळेत विचारू नये. मुलगा-सून उशाशी असताना भंडारा-गडचिरोलीहून आलेला वडीलधारा माणूस "बरं आहे" एवढेच म्हणेल. सकाळचे वजन झाल्यावर स्टूल ओढून बसावे, "काका" म्हणून बोलणे सुरू करावे आणि पीएचक्यू-२ या नैराश्य हेरण्याच्या छोट्या प्रश्नावलीतील दोन गोष्टी विचाराव्यात: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही असे किती दिवस झाले, आणि उदास किंवा निराश किती दिवस वाटले. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण द्यावेत. बेरीज ३ किंवा अधिक आल्यास नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ भरून डॉक्टरांना दाखवावी. ही चाळणी आहे, निदान नव्हे.

खरी कसोटी पुढे आहे. थकवा, मंदावलेली भूक आणि न लागणारी झोप ही नैराश्याची लक्षणे आहेत, तशीच कमजोर हृदयाचीही. म्हणून केवळ "झोप लागत नाही" असे लिहून थांबू नये. एका काकांच्या कागदावर माझ्या विद्यार्थिनीने तेवढेच लिहिले होते. पाठीशी तीन उश्या दिसल्या म्हणून मी पुन्हा विचारले, तेव्हा ते म्हणाले, "आडवं झालं का दम लागते, म्हणून बसून राहतो. अन् बसलो का मग विचार सुरू होते, सिस्टर. मन लागूनच नाही राहिलं." आडवे होताच लागणारी धाप आम्ही त्याच क्षणी डॉक्टरांना कळवली आणि न लागणारे मन वेगळ्या ओळीत नोंदवले, कारण दोहोंचे उपचार वेगळे आहेत.

पीएचक्यू-९ चा शेवटचा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तो संकोचाने गाळू नये. उत्तर होकारार्थी असल्यास पेशंटला एकटे सोडू नये, तिथूनच इन्चार्ज सिस्टर आणि ड्यूटीवरील डॉक्टरांना बोलावून घ्यावे. पेशंटला घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहावा आणि घरच्यांकडून एकदा वाचून घ्यावा.