नवं फर्निचर सदोष निघालं तर

नव्या कपाटाचं दार लोंबतंय किंवा ड्रॉवर अर्ध्यात अडकतोय असं दिसलं की आपण स्क्रू आवळायला घेतो. कृपा करून तसं करू नका. पार्टिकल बोर्डात, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीत, स्क्रूचं भोक एकदा मोठं झालं की भुसा सुटतो, पकड जाते आणि दुकानदार सरळ म्हणतो, 'हे तुम्हीच बिघडवलंय.' आहे त्या स्थितीत फोटो काढा: एक लांबून, एक जवळून, तड्याशेजारी मोजपट्टी धरून. ड्रॉवर अडकत असेल तर व्हिडिओच घ्या. खोक्यावरचं लेबल जपून ठेवा.

डिलिव्हरीच्या वेळी माल उघडून पाहता आला नसेल, तर सहीशेजारी 'तपासलेला नाही' एवढं लिहाच.

तक्रार फोनवर केली तरी त्याच दिवशी ईमेलनेही पाठवा. बिल क्रमांक, दोष कधी दिसला आणि तुम्हाला नेमकं काय हवंय, दुरुस्ती, बदली की पैसे परत, हे स्पष्ट लिहा. उत्तरासाठी तारीखही द्या. 'कंपनीशी बोला' असं सांगून दुकानदार हात झटकू पाहतो. पैसे तुम्ही त्याला दिलेत, त्यामुळे पाठपुरावा त्याच्याकडेच करत राहा.

तपासणीला माणूस आला की त्याचा शेरा वाचल्याशिवाय सही करू नका. 'वापरामुळे नुकसान' असं लिहिलं असेल आणि ते खोटं असेल, तर खाली 'मान्य नाही' लिहून कागदाचा फोटो घ्या. बरेचसे दावे याच एका ओळीवर अडतात.