जिन चाखायला बसण्याआधी काय काय मांडून ठेवायचं

यादीच्या माथ्यावर साधं पाणी लिहा. टॉनिक नाही, सोडा नाही, बर्फ नाही. पाणी, जग भरून, टेबलावर, हाताशी. गेल्या खेपेला आमच्याकडे बाटल्या होत्या, तऱ्हेतऱ्हेचं टॉनिक होतं, काकडीच्या चकत्या होत्या, एकाने तर रोझमेरीची कुंडीच उचलून आणली होती. पाणी मात्र कुणाला सुचलं नाही. त्यामुळे प्रत्येक जिन टॉनिकमधूनच पोटात गेली आणि वहीत सगळ्यांपुढे एकच शेरा पडला: कडवट-गोड, छान. हा शेरा टॉनिकचा. त्यातलं क्विनाइन, म्हणजे जुन्या लोकांचं कोयनेल, वर साखर, वर गारवा, वर बुडबुडे; एवढ्या गर्दीत जिनमध्ये घातलेले धने कुठले आणि संत्र्याची साल कुठली, कळणार कसं?

पाण्याचं काम काय ते सांगतो, म्हणजे विसरणार नाही. आपल्याकडच्या बहुतेक जिन ४२.८ टक्क्यांच्या असतात. तशीच नाकाला लावली तर आधी अल्कोहोलच झोंबतं. जेवढी जिन तेवढंच पाणी घातलं की ती २१ टक्क्यांच्या आसपास येते, झोंबणं बसतं आणि वास मोकळे होतात. कधी कधी पाणी पडल्यावर जिन किंचित दुधाळ होते. घाबरू नका, बाटली खराब नाही. जुनिपरची (जिनला तिचा मुख्य वास देणाऱ्या काळ्या दाण्यांची) आणि लिंबूवर्गीय सालींची तेलं अल्कोहोलमध्ये विरघळतात, पाण्यात नाही. म्हणून ती अशी दिसायला लागतात. फ्रिजमधलं पाणी नको, त्याला कालच्या आमटीचा वास असतो आणि गार पाण्यात वास दबतात. बोअरचं नको. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर तेही नको. फिल्टरचं पाणी दुपारीच भरून झाकून ठेवा.

बाटल्या. पाच-सहा पुरेत, त्याहून जास्त मांडल्या तर शेवटच्या तीन कुणालाच आठवत नाहीत. पण निवड जरा डोकं लावून करा, कारण दुकानात आकर्षक दिसणाऱ्या सगळ्या बाटल्या एकाच घराण्यातल्या निघू शकतात. एक बाटली मापाची हवी, जिच्याशी बाकीच्या ताडून बघायच्या: साधी लंडन ड्राय. लंडन ड्राय ही पद्धत आहे, तिचा गावाशी संबंध नाही, गोव्यातही बनते. तिचा नियम असा की सगळी चव ऊर्ध्वपातनातूनच यायला हवी, नंतर वरून काही सुगंध घालायचा नाही, आणि साखर लिटरमागे ०.१ ग्रॅमच्या वर नको. टँकरे घेतलीत तर उत्तम, कारण तिच्यात चारच जिन्नस आहेत: जुनिपर, धने, अँजेलिकाचं मूळ आणि ज्येष्ठमध. लिंबाची साल नाही, संत्र्याची नाही. तरीही प्यायल्यावर लिंबासारखं काही लागतं ते धन्यांचं. हे एकदा जिभेला कळलं की अर्धी जिन कळली. बीफईटर घेतलीत तर तिच्यात सेव्हिलच्या कडू संत्र्याची आणि लिंबाची साल आहे, आणि सगळे जिन्नस २४ तास भिजवून मग गाळतात. बॉम्बे सफायर याच्या उलट: दहा जिन्नस टोपलीत ठेवून नुसती वाफ त्यांच्यातून जाऊ देतात, म्हणून ती हलकी लागते. तिच्यात कंकोळ आहे, बदाम आहेत. या तिघींमधली कोणतीही चालेल. तिन्ही घेऊ नका, पैसे भारतीय बाटलीसाठी ठेवा.

दुसरी प्लिमथ, मिळाली तर. १७९३ पासून इंग्लंडमधल्या प्लिमथ गावात त्याच डिस्टिलरीत बनते. सात जिन्नस, त्यात वेलदोडा आणि मुळं यांचा हात जरा सढळ, म्हणून लंडन ड्रायपेक्षा मऊ आणि मातकट.

तिसरी आपली. इथे मात्र कंजुषी नको. २०१७ साली ग्रेटर दॅन ही भारतीय जिन आली आणि त्यानंतर गोव्यात जिनच्या भट्ट्यांची रांगच लागली. स्ट्रेंजर अँड सन्समध्ये गंधराज लिंबाची साल, जायपत्री, जायफळ, काळी मिरी. गरम मसाल्याचा डबा उघडल्याचा भास होतो, पण तिखटपणा शेवटी येतो. हपुसामध्ये हिमालयातलं जुनिपर, हळद, आंबा. या हळदीची चव भाजीतल्या हळदीसारखी शोधत बसू नका, ती ओल्या मातीसारखी तळाशी असते. मला विचाराल तर दोन्ही घ्या आणि परदेशी एक कमी करा. आणि हो, गोव्याला गेलात म्हणून डिकीत भरून आणू नका. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे, सीमेवर तपासणी होते, आणि यातल्या बऱ्याच बाटल्या इथल्या दुकानात मिळतातच. महाराष्ट्रात प्यायलाही परवाना लागतो आणि जिनसारख्या कडक दारूसाठी वय २५ पूर्ण लागतं. पाहुण्यांत कुणाची भाचरं येणार असतील तर आधीच सांगा.

चौथी नव्या वळणाची: हेन्ड्रिक्स, गुलाब आणि काकडीवाली. ही दोन्ही ऊर्ध्वपातनानंतर घालतात, म्हणजे लंडन ड्रायच्या नियमात ती बसत नाही. शेजारी ठेवून वास घेतलात की नियमाचा अर्थ आपोआप कळतो.

ओल्ड टॉम आपल्याकडे क्वचितच दिसते. ही गोडसर जुनी जिन. पूर्वी दारू इतकी खरखरीत असे की गोडी घालूनच खाली उतरे. १८३० मध्ये एनिअस कॉफीने पेटंट घेतलेल्या उभ्या स्तंभाच्या भट्टीतून स्वच्छ स्पिरिट निघायला लागलं आणि मग ड्राय जिनला वाव मिळाला. ओल्ड टॉम नाही मिळाली तर मापाच्या जिनमध्ये थोडा साखरेचा पाक ढवळा. नकली आहे, पण साखर पडली की जुनिपर कसं मागे सरतं ते कळायला पुरे. जेनेव्हर मात्र नकली करता येत नाही. ती डच, जिनची आई म्हणा, आणि तिच्यात धान्याच्या मॉल्टपासून काढलेली दारू मिसळलेली असते. पाव भाजल्यासारखा वास. नेदरलँड्समधून कुणी येणार असेल तर त्यांनाच सांगा, विमानातून माणशी दोन लिटर आणता येते. बाटलीवरचं ‘यॉंगं’ आणि ‘आउडं’ हे पद्धतीचं नाव आहे, मुरवल्याचं वय नाही. ‘आउडं’ मागवा, तिच्यात मॉल्ट जास्त असतं.

नेव्ही स्ट्रेंग्थ म्हणजे जास्त कडक जिन, ५७ टक्के. आपल्या लेबलवर ‘७५ डिग्री प्रूफ’ किंवा ‘२५ यू. पी.’ (अंडर प्रूफ, म्हणजे १०० ला २५ कमी) लिहिलेलं असतं ना, ते याच मापाच्या हिशेबातलं: ५७.१५ टक्के म्हणजे १०० प्रूफ, त्याच्या तीन चतुर्थांश ४२.८. हिच्यात पाणी समान घालून भागत नाही, जरा जास्तच घाला. पाणी आठवतंय ना? जग भरला का?

आता ताटल्या. हा भाग लोक टाळतात आणि मग ‘बोटॅनिकल’ (जिनला वास देणारे हे जिन्नस) हा शब्द रात्रभर हवेत उडवतात. छोट्या वाट्यांत सुके जिन्नस मांडा. धने कच्चे, भाजलेले अजिबात नकोत, भाजले की लिंबासारखा वास उडून जातो आणि उरते ती आमटी. आपले लांबट मोठे धने बारीक दाण्याच्या धन्यांपेक्षा तेलाला कमी असतात, म्हणून ऐनवेळी ठेचा. वेलदोडा, ज्येष्ठमध, जायपत्री, मिरी, बडीशेप घरात असतंच. दालचिनी म्हणून दुकानातून येते ती बहुधा कॅसियाच असते, चालेल, जिनमध्येही तीच घालतात. संत्र्याची साल पातळ काढा, आतला पांढरा भाग कडू. जुनिपर काष्ठौषधीच्या दुकानात हपुषा किंवा हाऊबेर नावाने मागा. जुने काळे कडक दाणे देतात, त्यातून एखादा नखाने फोडून बघा. आतून चीडाच्या झाडाचा, राळेसारखा वास आला तरच घ्या. हे फळ नाही, शंकू आहे, पिकायला दोन-तीन वर्षं लागतात, त्यामुळे जुन्या-नव्या मालात फरक पडतो. ऑरिस आणि अँजेलिका मिळणं कठीण, सोडून द्या. ऑरिस म्हणजे आयरिसचा वर्षानुवर्षं वाळवलेला कंद. त्याचं काम बाकीचे वास धरून ठेवणं, स्वतःचा फारसा दाखवणं नाही. हे सगळं हुंगण्यासाठी आहे. बाटलीत टाकून मुरवत बसू नका, आणि घरी भट्टी लावण्याचा विचार तर गमतीतही नको, तो सरळ बेकायदा.

ग्लास तोंडाशी निमुळते. वाइनचे छोटे चालतील. साबणाचा वास जाईपर्यंत धुवा आणि परत धुवा. प्रत्येकाला एक जिनचा आणि एक पाण्याचा. हो, पाण्याचा वेगळा. जगातून जिनमध्ये घालायचं ते पाणी वेगळं आणि मधे प्यायचं ते वेगळं. मोजायला पेगमेजर, एका वेळी १५ मिली, जास्त नाही. सहा प्रकारांचे मिळूनच दीड मोठा पेग होतो.

खोलीत उदबत्ती नको, मच्छर कॉइल नको, गजरा नको. स्वयंपाक आधी उरकून खिडक्या उघडा. लसणाची फोडणी सगळ्या जिनवर मात करते. चखण्याला साधा पाव किंवा उकडलेला बटाटा. शेव, मसाला शेंगदाणे, बाकी सगळं नंतर. लोक कुरकुर करतील, करू द्या.

बाटल्या फ्रीजरमध्ये ठेवू नका. गार जिन गुळगुळीत लागते आणि काही बोलत नाही.

क्रम: मापाची लंडन ड्राय, मग प्लिमथ, मग भारतीय, मग गुलाब-काकडी, मग गोड आणि जेनेव्हर, नेव्ही शेवटी. स्लो (sloe) या आंबट रानफळाची स्लो जिन असेल तर तीही शेवटी, ती मुळात लिकरच, म्हणजे गोड दारूच आहे. प्रत्येक वेळी आधी नुसतं हुंगा, मग पाणी घाला, मग घोट. पाणी घालण्याआधी टॉनिकची बाटली कुणी उघडली तर ती काढून घ्या, पाहुणा कितीही जवळचा असो. भट्टीतून सालींचे वास आधी उतरतात, मग जुनिपर, मग मसाले, मुळं अगदी शेवटी. जिभेवरही साधारण त्याच क्रमाने शोधा, म्हणजे घोट गिळल्यावर लगेच बोलायला लागू नका, मागे काय उरतं ते बघा. वही ठेवा. कापूर, ओली माती, संत्र्याची साल असे घरचे शब्द लिहा, ‘स्मूद’ लिहिणाऱ्याच्या हातातून पेन घ्या.

मग टॉनिक. साधं घ्या, सुगंधी नको. छोट्या बाटल्या, कारण मोठी उघडली की तिसऱ्या ग्लासापर्यंत गॅस जातो. जिनच्या दुप्पट, फार तर तिप्पट. लिंबू पिळू नका, पिळलं की परत सगळं सारखंच. सालीची चकती पुरे. बर्फ मोठा. रोझमेरी नको.

जेवण जड ठेवा. गाडी कुणी चालवणार नाही हे आदल्या दिवशीच ठरवा, टॅक्सीचे पैसे बाजूला काढा. उरलेल्या बाटल्या घट्ट बंद करून उन्हापासून लांब. उघडं टॉनिक ओतून द्या. वाट्यांतले धने-मिरी दुसऱ्या दिवशी आमटीत चालतात, ते काळे दाणे मात्र कुणी मनुका समजून खाणार नाही असे उचलून ठेवा.